नऊ होलांचं पाणी

तासगाव भागात ठिबकचं काम करणाऱ्याला पाणी म्हणजे ओळीतलं पाणी. दोन वेलींत अंतर किती, दोन ओळींत किती, लॅटरल म्हणजे ओळीतली नळी सोळा मिलिमीटरची की वीसची, ड्रिपर तासाला दोन लिटरचा की चारचा, मोटर किती लांब. सगळा हिशोब झाडाच्या बुडाशी येऊन थांबतो. मधली जागा कोरडी राहिली तर उलट बरंच, तण कमी. त्यामुळे वाईच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एका खासगी प्रकल्पात नऊ होलांचं गोल्फ कोर्स होतंय, त्याचं पाणी बघाल का, असं एका जुन्या बागायतदाराच्या ओळखीतून विचारणं आलं तेव्हा मी आधी हसलो. गोल्फमध्ये ओळच नसते. पस्तीस एकर नुसती हरळी, आणि तिच्यातलं प्रत्येक पातं पाण्याला हक्कदार.

त्यांच्याकडे एक डिझाइन आधीच तयार होतं. बाहेरच्या सल्लागाराने केलेलं, छापील, रंगीत, पस्तीसच्या पस्तीस एकरांवर स्प्रिंकलरची वर्तुळं काढलेली. नकाशा देखणा होता. फक्त पाणी कुठून येणार, याचं पान त्यात नव्हतं.

मी सुरुवात त्या पानापासून केली. हिशोब काही अवघड नाही. एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. एकरभर म्हणजे 4,047 लिटर. आपल्याकडे एप्रिलात हवा रोज सात मिलिमीटरच्या आसपास पाणी ओढते. हरळी उन्हाळी गवत आहे, ती त्यातलं साधारण सत्तर टक्के मागते, म्हणजे पाच मिलिमीटर. स्प्रिंकलरचं सगळं पाणी मुळाशी पोचत नाही. पंचाहत्तर टक्के धरलं तरी खूप. म्हणजे रोज 6.6 मिलिमीटर सोडायचं. पस्तीस एकरांना झाले सव्वानऊ ते साडेनऊ लाख लिटर. रोज. उन्हाळाभर.

मालकांना हा आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "बोअर मारू अजून दोन." त्या खडकात बोअर कसे लागतात हे आजूबाजूच्या कुठल्याही शेतकऱ्याने फुकट सांगितलं असतं. कृष्णा जवळ आहे, वर धोम धरण आहे, पण ते पाणी शेतीचं आणि पिण्याचं. त्याला हात लावायचा नाही, हे मी काम घेतानाच सांगितलं होतं. सातारा जिल्हा विचित्र आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दहिवडीकडच्या माणसाने टँकरची वाट बघायची आणि इथे गवताला नदीचं पाणी सोडायचं, हे गावात खपलं नसतं, आणि खपू नये.

मग कोर्सचेच भाग पाडले. ज्या गुळगुळीत चकतीवर झेंडा असतो ते ग्रीन, सरासरी पाचशे चौरस मीटरचं एक, अशी नऊ. जिथून पहिला फटका मारतात ते टी, सगळे मिळून अडीच हजार चौरस मीटर. मधला कापलेला पट्टा म्हणजे फेअरवे, दहा एकर. बाकी राहिलं ते रफ, म्हणजे मुद्दाम वाढू दिलेलं गवत आणि झाडी. चेंडू तिकडे गेला की खेळणाऱ्याला त्रास व्हावा म्हणूनच ते असतं. आता ज्या जागेचं कामच त्रास देणं आहे तिला मे महिन्यात हिरवीगार कशाला ठेवायची? ती पिवळी पडू दे. हरळी मरत नाही, पहिल्या वळवाला परत उठते. रफ वगळल्यावर पावणेबारा एकर उरले आणि रोजचा आकडा तीन लाखांच्या थोडा वर आला.

हे मी काही जगावेगळं केलं नाही. अमेरिकेत पाइनहर्स्टचा दोन नंबरचा कोर्स फार नावाजलेला. तिथे 2010 साली दुरुस्ती काढली तेव्हा निम्म्याहून जास्त स्प्रिंकलर उपटून टाकले, रफमधली हरळी काढून मूळची रेताड जमीन उघडी केली आणि फेअरवेच्या मधोमध पाण्याची ओळ ठेवली. कडा आपोआप तपकिरी झाल्या. 2014 साली पुरुषांची आणि लगोलग स्त्रियांची यूएस ओपन गोल्फ स्पर्धा तिथेच झाली. मालकांना हे सगळं सांगण्यापेक्षा त्या स्पर्धेचे फोटो दाखवले. फोटोने काम झालं. माझ्या आकड्यांनी झालं नव्हतं.

तळं मात्र हवंच होतं. प्रकल्पाच्या उतारावरचं पावसाचं पाणी आणि बंगले-हॉटेलचं शुद्ध केलेलं सांडपाणी, एवढ्यावर आठ महिने काढायचे. वरवर बघता पसरट तळं छान दिसतं. पण एक हेक्टर पृष्ठभागावरून एक मिलिमीटर उडालं की दहा हजार लिटर गेले, आणि एप्रिलात दिवसाला सात-आठ मिलिमीटर उडतं. म्हणजे सत्तर-ऐंशी हजार लिटर नुसते हवेत. रोजचं सांडपाणी जेमतेम तेवढीच भरपाई करत होतं. म्हणून तळं पसरवण्याऐवजी खोल घ्यायला लावलं. पोकलेनवाला खडक लागल्यावर कुरकुरला, दर वाढवून घेतला, पण खोदलं.

सांडपाण्याबद्दल सांगलीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मिरज, वाळवा, पलूस भागात कृष्णाकाठची काळी रानं पाणी जास्त झाल्यामुळे क्षारपड झालेली आम्ही लहानपणापासून बघतोय. पाणी कमी पडून मेलेलं रान पुढच्या पावसाळ्यात जिवंत होतं. मीठ फुटलेलं रान पिढीभर उठत नाही. शुद्ध केलेल्या पाण्यातही क्षार असतात, सोडियम असतं. हरळी खारट पाणी बरंच सोसते, पण माती सोसत नाही, ती घट्ट होते. म्हणून दर महिन्याला पाण्याची क्षारता तपासायची, पावसाचं साठलेलं पाणी मिसळून सोडायचं आणि जमिनीखाली निचऱ्याची सोय आधी करायची, असं लिहून दिलं. त्या पाण्यातून नत्रही येतं, तेवढं खत कमी टाकायचं. हे वाचून मालकांचे हिशोबनीस पहिल्यांदा खूश झाले.

ग्रीन बांधताना मी जे पाहिलं ते आमच्या द्राक्षवाल्यांना दाखवावं असं होतं. खड्डा घ्यायचा, तळाला निचऱ्याचे छिद्रांचे पाइप, त्यावर चार इंच बारीक खडी, त्यावर बारा इंच वाळू. ही अमेरिकन गोल्फ संघटनेची पद्धत, 1960 पासून छापील स्वरूपात आहे. वाळू कुठलीही चालत नाही. बहुतेक दाणे पाव ते एक मिलिमीटरमधले लागतात. आलेल्या क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, भुकटी इतकी होती की दोन गाड्या परत पाठवल्या आणि मग धुतलेली मागवली.

गंमत पुढे आहे. कुणालाही वाटेल की खाली खडी आहे तर पाणी सळसळत निघून जाईल. तसं होत नाही. बारीक वाळूच्या छिद्रांत पाण्याची ओढ जास्त असते, खडीच्या मोठ्या पोकळीत ते सहजासहजी उतरत नाही. वाळूच्या तळाशी ओल टांगल्यासारखी थांबते. वरून जोराचा पाऊस आला, ती ओल वाढून जड झाली, की मग एकदम खाली सुटते. म्हणजे रोजच्या पाण्याला वाळू धरून ठेवते आणि जुलैच्या पावसाला सोडून देते. आम्ही गवत लावण्याआधी एका ग्रीनवर टँकरचं पाणी सोडून बघितलं. बराच वेळ निचऱ्याच्या तोंडाशी थेंब नाही. मिस्त्री म्हणाले, "पाइप चोंदला वाटतं." तेवढ्यात धार लागली ती चांगली मनगटाएवढी.

मला सगळ्यात आधी विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, ठिबकवाले आहात तर जमिनीखालून ठिबकच का टाकत नाही? फेअरवेच्या कडेला, टीच्या उतारावर ते चालतं, काही ठिकाणी टाकलंही. पण ग्रीनवर नाही. झेंड्याचं भोक 108 मिलिमीटर व्यासाचं, किमान चार इंच खोल, आणि त्याची जागा सारखी बदलतात, नाहीतर एकाच ठिकाणी गवत तुडवून संपतं. भोक पाडणारं कटर कुठल्या दिवशी कुठल्या लॅटरलवर बसेल सांगता येत नाही. शिवाय हवा खेळावी म्हणून ग्रीनला पोकळ सळ्यांनी टोचतात. दोन महिन्यांत नळीची चाळण.

म्हणून स्प्रिंकलर. जमिनीत बसलेलं हेड, पाणी आलं की वर उठतं, गिअरवर सावकाश फिरतं, बंद झालं की परत आत. यातला नियम एकच, पण कडक: एका हेडचं पाणी शेजारच्या हेडच्या बुडापर्यंत पोचलंच पाहिजे. शेतात रेनगन लावताना आपण अंतर जरा ओढून घेतो, पाइप वाचतो. इथे नाही. हेडजवळ पाणी जास्त पडतं आणि लांब कमी होत जातं. दुसऱ्याचं जास्त पहिल्याच्या कमीवर यावं म्हणून ही ओढाताण. आम्ही अठरा मीटरच्या त्रिकोणात हेड मांडले. प्रत्येकी मिनिटाला ऐंशी लिटर, म्हणजे तासाला सतरा मिलिमीटर. साडेसहा मिलिमीटरला तेवीस मिनिटं लागतात. रात्रीचे आठ तास, एका वेळी आठ हेड. असं गणित मांडलं तर एका रात्रीत दीडशेच्या वर हेड फिरतात आणि पावणेबारा एकर उरकतात. दाब पाच बार, चढ पंचवीस मीटर, वर पाइपमधलं घर्षण. पंचवीस एचपीचा पंप लागला, तोही वेग कमीजास्त होणारा, कारण सगळेच हेड नेहमी एकत्र चालत नाहीत.

रात्रीचं पाणी म्हटल्यावर आमच्या घरी सगळे हसले. शेतकरी रात्रीच्या लाइटीला शिव्या घालतो, साप-विंचवात दारं धरतो, आणि इथे बक्कळ पैसे मोजून रात्रच मागून घ्यायची. पण कारण खरं आहे: वारा पडलेला असतो, बाष्प कमी उडतं, खेळणारं कुणी नसतं, आणि शुद्ध केलेलं सांडपाणी माणसांच्या अंगावर उडवायचं नसतं.

काळी आणि मुरूम यांचा संसार मात्र शेवटपर्यंत जमला नाही. खालच्या तीन होलांना काळी माती, वर मुरमाड. काळी तासाला पाच मिलिमीटरही पीत नाही, आणि आपण सतरा ओतणार. पाणी उतारावरून थेट चारीत. तिथे तेवीस मिनिटांचे चार तुकडे केले, मध्ये तासाभराची विश्रांती. ग्रीनच्या कडेला तर दोन-दोन हेड पाठीला पाठ लावून बसवले: एक वाळूकडे तोंड करून, एक बाहेरच्या मातीकडे. वाळूला रोज थोडं हवं, मातीला दोन-तीन दिवसांनी भरपूर. एकाच हेडवर दोन्ही सांभाळायला गेलं की एक सुकतं नाहीतर दुसरं कुजतं. खर्च वाढतो म्हणून हे सहसा गाळतात. मी गाळू दिलं नाही आणि त्यावरून दोन आठवडे बिल अडकलं.

चर खोदाई एका उपठेकेदाराकडे होती. पाइपखाली मऊ मातीची गादी, वर थराथराने भरून धुमस, असं ठरलं होतं. धुमस कागदावरच राहिला. पहिल्या पावसात चर बसले, हेड कलले. केबलचं त्याहून वाईट. सगळ्या व्हॉल्व्हना मिळून दोनच तारा फिरतात, आणि प्रत्येक व्हॉल्व्हपाशी एक डबी असते, तिला आपला नंबर कळतो. तांब्याची बचत फार, पण एक सांधा ओला झाला की पुढचं सगळं वेडंवाकडं वागतं. जूनमध्ये वरची चार होलं एकदम मुकी झाली. मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन निघालो. तारेचा मधला सांधा सोडायचा, विजेची गळती पुढच्या अर्ध्यात की मागच्या बघायचं, मग त्या अर्ध्याचं अर्धं. संध्याकाळी सहाव्या होलच्या व्हॉल्व्हच्या पेटीत हात घातला तर जेल भरलेल्या कनेक्टरऐवजी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आतली तार हिरवी पडलेली. मग सगळ्या पेट्या उघडायला लावल्या. वळवाच्या विजांसाठी आर्थिंगच्या सळ्याही त्याच वेळी वाढवून घेतल्या. आपल्याकडे एप्रिल-मेमधली एक वीज पंधरा डब्या सहज खाते.

खरी परीक्षा पेल्यांची. बाजारातून सारख्या तोंडाचे प्लास्टिकचे पेले आणले, ग्रीनवर तीन-तीन मीटरवर चौकटीत मांडले, पंधरा मिनिटं पाणी सोडलं आणि एकेक पेला मोजपात्रात ओतत गेलो. सरासरी 32 मिली. सगळ्यात कमी भरलेल्या पाव हिश्श्याची सरासरी 19. भागिले तर 59 टक्के. याचा अर्थ सरळ आहे: त्या कोरड्या कोपऱ्याला पाच मिलिमीटर द्यायचं तर सगळ्या ग्रीनवर साडेआठ ओतावं लागेल, आणि बाकीचं भिजून शेवाळेल. बघणाऱ्याला ग्रीन एकसारखं ओलं दिसत होतं. पेले खोटं बोलत नाहीत. मग कललेली हेडं सरळ केली, वरच्या अंगाला दाब कमी पडत होता तिथले नोझल बदलले, खालच्या अंगाला जास्त होता तिथे हेडमधलाच दाब-नियंत्रक बसवला. पुन्हा पेले. 25 भागिले 32, म्हणजे 78. आता साडेआठऐवजी 6.4 मध्ये भागतं. या एका सकाळीने जितकं पाणी वाचलं तितकं कुठल्याही महागड्या सेन्सरने वाचवलं नसतं, असं माझं मत आहे. सेन्सर वाईट नाहीत. पण पाणी समान पडत नसेल तर सेन्सर पुरलाय त्या जागेचंच खरं सांगतो.

रात्रपाळीला गावातले एक तात्या आहेत. आयुष्य कालव्यावर पाटकरी म्हणून गेलं, निवृत्त झाल्यावर इथे लागले. पहिल्या आठवड्यात ग्रीन कातरताना बघून म्हणाले, "सायेब, हे गवात न्हवं, लाडका जावाय हाय. रोज केस कापायचं, रोज आंगूळ, आन् जरा ऊन लागलं की रुसतंय." बरोबरच आहे. तीन-चार मिलिमीटरवर कापलेल्या गवताची मुळं उथळच राहतात, दुपारी दोनला ते निळसर पडायला लागतं. तेव्हा दोन मिनिटांचा शिडकावा द्यावा लागतो. मुळांसाठी नाही, पानं थंड व्हावीत म्हणून. वाळूत काही ठिपके असे तयार होतात की पाणी त्यांच्यावरून मोत्यासारखं घरंगळतं, आत जातच नाही. तिथे पाण्याला पसरवणारं औषध आणि हातात पाइप. तात्यांकडे मी ओल मोजणारी दोन सळ्यांची काडी दिली. ग्रीनमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास आकडा ठेवायचा. ते आधी अंगठ्याने माती दाबतात, वापसा, म्हणजे ओल बेताची, आहे की नाही तोंडाने सांगतात, मग काडी खुपसतात. बहुतेकदा जुळतं. न जुळलं तर ते काडीचे सेल बदलायला सांगतात.

गावातल्या एका मुलाने मला चहाच्या टपरीवर गाठून विचारलं होतं, "एवढं पाणी गवताला घालून मिळतं काय?" मी त्याला उसाचा हिशोब सांगितला: सुरू उसाला पाटाने दिलं तर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी जातं, आमच्या हरळीला वर्षाला त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. तो म्हणाला, "उसाचं बिल तरी येतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच सांगितलं की नदीचा थेंबही इकडे येत नाही, हवं तर पाइप दाखवतो. तो आला, पाइप बघितला, तळ्याची खोली विचारली, आणि आपल्या शेततळ्याच्या प्लास्टिक कागदाची जाडी किती मायक्रॉन लागेल ते विचारून गेला.

दुसरा उन्हाळा निघाला. ग्रीन चांगली आहेत, फेअरवेच्या कडा मेमध्ये तपकिरी होतात, तळ्यात जूनपर्यंत पाणी उरतं. पण मालकांना आता प्रवेशद्वारापासून क्लब हाउसपर्यंतचं रफ बारमाही हिरवं हवंय. पाहुण्यांची पहिली नजर तिथे पडते म्हणे. जागा चार एकर. एप्रिलात रोजचे लाखभर लिटर वाढतील आणि तळं मेच्या मध्यात तळाला जाईल, हे तोंडी सांगून झालं. लेखी कोटेशन मागितलंय, तेही परवा दिलं. त्यात पाइप, हेड, केबल सगळं आहे, पण पहिल्या ओळीत आणखी एका तळ्याच्या खोदाईची रक्कम टाकलीय.